देव उजव्या हाताला

आमचे कॅल्गरीचे घरमालक बर्फ काढायचे ते घराला प्रदक्षिणा घालत. महापालिकेचं म्हणणं एवढंच, की घरापुढचा फुटपाथ मोकळा ठेवा. शेजारपाजारचे लोक तेवढा शोव्हल करून कॉफीकडे पळायचे. हे गृहस्थ पुढच्या दारातून बाहेर पडत, उजवीकडे वळत, आणि सबंध घराभोवती फावड्याच्या रुंदीची वाट कोरत पुन्हा दाराशी येऊन थांबत. मागच्या बाजूला ना दार, ना गाडी, ना कुत्रं. उणे अठ्ठावीसमध्ये तिकडे जाणार कोण, असं मी एकदा विचारलं.

"मी जातो की," ते म्हणाले.

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं राहिलो. आमची ओळखच माझ्या मूर्खपणानं झाली. पुण्याहून नुकताच आलो होतो, आणि खोली बघायला एका मित्राला घेऊन गेलो होतो. दार उघडलं ते एका उंच, सावळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या म्हाताऱ्यानं. इंग्रजी सगळं तमिळ हेलाचं. खोली दाखवताना ते भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत होते आणि कान लावून ऐकत होते. मी मित्राला खुशाल मराठीत म्हणालो, "म्हातारा खडूस दिसतोय, पण हीटिंग झकास आहे."

म्हाताऱ्यानं टकटक थांबवली. "म्हातारा समजलं. दिसतो समजलं. हीटिंग समजलं. खडूस म्हणजे काय रे?"

मित्र बूट शोधायला लागला. मी म्हणालो, "खडूस म्हणजे... शिस्तीचा. एकदम शिस्तीचा माणूस."

"होय, ते मी आहेच," ते खूष होऊन म्हणाले, आणि खोली मला मिळाली.

तेव्हापासून ते स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागले. टपाल घेऊन येणाऱ्या पंजाबी बाईंना हिंदीत सांगायचे, मैं बहुत खडूस आदमी हूँ. ती बिचारी माझ्याकडे बघायची. मी बर्फाकडे बघायचो.

घरमालक तंजावरचे मराठी. म्हणजे ज्यांचे पूर्वज भोसल्यांच्या मागोमाग तिकडे गेले आणि तिथलेच झाले, त्यांच्यापैकी. शाळा तमिळमधून, कॉलेज इंग्रजीतून, नोकरी इथल्या तेलाच्या कंपनीत पाया तपासणारे इंजिनियर म्हणून, आणि घरात मात्र मराठी. ती मराठी ऐकली की आपण कोणाचं तरी जुनं टपाल चोरून वाचतोय असं वाटायचं. "मज चहा नको, तुज हवा तर घे." "आम्हांस कशास सांगतोस?" मी पेठेतला. मला ही भाषा दुरुस्त करायची जबाबदारी आपल्यावर आहे असं वाटायला फक्त एक आठवडा लागला.

"काका, 'मज' नाही म्हणत आता. 'मला.'"

"कोण नाही म्हणत?"

"म्हणजे... पुण्यात."

"पुण्यास कळव मग, आम्ही म्हणतो."

त्यांचं आणखी एक खूळ म्हणजे भिंती. आयुष्यभर पाया तपासला, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी टकटक. बँकेत टकटक, दवाखान्यात टकटक, आमच्या भागातल्या सगळ्या नव्या काँडो-फ्लॅटांमध्ये उगाच गिऱ्हाईक बनून टकटक. परत येऊन निकाल द्यायचे: "दगड बोलतो. ड्रायवॉल नुसता बडबडतो." ड्रायवॉल म्हणजे इथल्या घरांच्या पोकळ, प्लास्टरच्या पाट्यांच्या भिंती. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ऑफिसात एकदा मीटिंगमध्ये मॅनेजरबद्दल बोलताना चुकून तोंडातून गेलं. पण तो वेगळा किस्सा, आणि वेगळी नोकरी.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या. एक, फावडं. दुसरी, लांबचा विमानप्रवास. फावडं माझ्याकडे आलं. मी बाहेर पडलो आणि डावीकडून सुरुवात केली. दहा फूट झाले नसतील, वरची खिडकी उघडली आणि त्या थंडीत बनियनवर अर्धे बाहेर लोंबत काका ओरडायला लागले, "उजवीकडे! बाहेर आलास की उजवीकडे वळ! दारातून उजवीकडे!" समोरचा शेजारी ट्यूलिप लावायच्या जागेवर फावडं टेकून बघत राहिला. मी काढलेलं बर्फ पुन्हा जागेवर टाकलं आणि उजवीकडून आरंभ केला. तीन वर्षांत मी एवढं मात्र पक्कं शिकलो: उजवीकडे वळायचं. कारण विचारायचं नाही. हे पुढे मला फार महागात पडणार होतं.

फावडं गेल्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. विमान गेल्याचं वाटलं. का, ते मला एका रविवारी पिठल्यावर कळलं. पिठलं ते अप्रतिम करायचे, फक्त त्यात चिंच घालायचे, आणि त्यावरही मी एकदा तोंड उघडलं होतं. ती हकीकत लिहीत नाही.

तंजावरच्या मोठ्या देवळात, आवाराच्या भिंतीला लागून ओवऱ्या आहेत. तिथे एका राजानं भोसल्यांची सगळी कुळकथा दगडात कोरून ठेवली आहे. मराठीत, बाळबोध अक्षरांत, भिंतच्या भिंत भरून. काकांचे वडील रोज संध्याकाळी त्यांना हात धरून तिथे न्यायचे आणि चालता चालता भिंत वाचून दाखवायचे. वडिलांचं बोट दगडापासून इंचभर दूर चालायचं, कारण अक्षरांना घाम लागू द्यायचा नाही.

"आणि तुम्ही?"

"मी ऐकत होतो. मज वाचता येत नव्हतं. शाळेत तमिळ. बाबा म्हणायचे, शिकवतो, शिकवतो. मग मी इंजिनियरिंगला गेलो, मग इकडे आलो. मग बाबा गेले." त्यांनी पिठल्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "चाल आठवते. आवाज आठवतो. शब्द एक नाही. आमच्या घराण्यात भिंत वाचता न येणारा मी पहिला."

हे वाक्य त्यांनी अगदी सरळ, पाया खचल्याचा रिपोर्ट द्यावा तसं म्हटलं. मी तोंडात घास असताना म्हणालो, "शिकवतो मी तुम्हाला. त्यात काय."

त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस बाराखडी शिकतो तेव्हा कसा शिकतो, तर इंजिनियरसारखा. प्रत्येक अक्षराचा त्यांनी आधी भार कशावर आहे ते बघितलं. 'क' त्यांना पसंत पडला, "मधे खांब आहे". 'ट' वर विश्वास नव्हता. 'ळ' ला ते "कोणी पास केलं हे ड्रॉइंग?" म्हणाले. गृहपाठ पुढच्या अंगणातल्या बर्फात, फावड्याच्या दांड्यानं. मी कामावर जाताना ते जोडाक्षरं कोरत असायचे, परत येईपर्यंत शिनूकचा गरम वारा सुटून सगळा धडा गटारात वाहून गेलेला असायचा. "पुन्हा," ते म्हणायचे. एप्रिलपर्यंत ते वाचायला लागले. माझ्या आईनं पाठवलेल्या मसाल्याच्या पाकिटावरची सगळी कृती त्यांनी मला खड्या आवाजात ऐकवली, आणि खाली छापलेला कस्टमर केअरचा नंबरही.

आता प्रश्न भिंतीचा. ते जाऊ शकत नव्हते. भिंत येऊ शकत नव्हती. ऑगस्टमध्ये माझ्या मित्राचं चेन्नईला लग्न होतं. मी म्हणालो, "मी जातो, अख्खी भिंत शूट करून आणतो."

इथे मी थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी मंडळाच्या काकूंनाही सांगितलं. आमच्या मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम या काकू एकहाती उचलतात. त्यांनी ताबडतोब जाहीर केलं: तंजावरची मराठी भिंत, मोठ्या पडद्यावर, वाचन खुद्द तंजावरकरांचं.

घरी आलो आणि काकांना ही बातमी दिली. त्यांनी उगाच भिंतीवर टकटक केली. मग कळलं की ते मंडळात पूर्वी जात असत. एका वर्षी स्टेजवरून कोणीतरी त्यांच्याबद्दल कौतुकानं म्हणालं होतं, "साउथ इंडियन असून मराठी किती छान बोलतात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काका तेव्हापासून गेले नव्हते.

"असून," ते मला म्हणाले. "तो 'असून' मज अजून उतरला नाही."

"मग नको म्हणून सांगतो."

"सांगू नको. जाणार. पण मी भिंत आधी बघणार नाही. परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी बघत नसतात. सगळ्यांपुढे पहिल्यांदा वाचणार."

निघताना त्यांनी एक कागद दिला. चार वाजल्यावर जा, दुपारी दगड तापतो. फोन भिंतीपासून हातभर लांब धर. हळू चाल. अक्षराला बोट लावू नको. खाली सही.

मी अर्थातच दुपारी एकला पोचलो. सकाळच्या बसनं आलो होतो, संध्याकाळची गाडी परत पकडायची होती, आणि कॅल्गरीचे तीन हिवाळे बर्फ तुडवत काढलेला माणूस उन्हाला काय भिणार, असा हिशेब. चपला बाहेर ठेवल्या आणि आवारात पाऊल टाकलं. पुढची काही मिनिटं मी त्या देवळाचं शिखर बघितलं नाही, तो डोंगराएवढा नंदी बघितला नाही. मी फक्त उड्या मारल्या. सावलीतली ओवरी गाठायची होती. कुठे वळायचं हा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांचं शिक्षण होतं. उजवीकडे वळलो.

ओवरीत थंड वाटलं, श्वास आला, आणि मग मान वर केली. खरं सांगतो, मी देवळात भावुक होणारा माणूस नाही. पण ते शिखर उन्हात असं उभं होतं, की हे कोणीतरी बांधलंय यावर विश्वास बसायला तयार नव्हता. पुढे ती भिंत आली. अक्षरांमागून अक्षरं. हजार किलोमीटरवर, तमिळ बोलणाऱ्या गावात, तमिळ राजाच्या देवळात, आपली अक्षरं. माझ्या अंगावर काटा आला. मग मी वाचायला गेलो, आणि पेठेतल्या माणसाला एका ओळीतले तीन शब्द लागले. मी फोन काढला आणि मुकाट्यानं शूट करायला लागलो.

समोरून येणारे लोक मला सारखं काहीतरी सांगत होते. एका आजीबाईंनी हवेत बोटानं गोल काढून दाखवला. मी त्यांना वाकून नमस्कार केला. रखवालदारानं हात हलवला, मीही हलवला. किती अगत्यशील लोक, असं मनात म्हणत मी सबंध भिंत टिपली.

गुरुवारी परत आलो, शनिवारी कार्यक्रम. काकूंना व्हिडिओचे पहिले दहा सेकंद दाखवले, त्या म्हणाल्या, "अगदी क्लिअर आलंय." बाकीचा मीही बघितला नाही.

कम्युनिटी हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. काका थ्री-पीस सूटमध्ये आले, पट्टे ओढून, आणि दारातच बूट मोजे काढले. काकू धावल्या, "अहो, फरशी गार आहे."

"भिंत देवळातली आहे," काका म्हणाले, आणि अनवाणी स्टेजवर गेले. माइक हातात घेतला. "नमस्कार. मी या गावातला सगळ्यात खडूस माणूस आहे."

हॉल असा हसला की पडद्याला लाटा आल्या. काका क्षणभर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमागे जितकं मावता येईल तितकं मावलो आणि व्हिडिओ सुरू केला.

अक्षरं आली. काकांनी चष्मा सारखा केला, तोंड उघडलं, आणि थांबले. अक्षरं पुढे सरकली. ते वाचेनात. पुढे सरकली. वाचेनात. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच, पण नीट ऐकू येईल असं म्हणालं, "वाचता येत नसेल हो. बोलतात तेवढंच." मी यांना इथे आणलं. आधी एक 'असून' होता, आता मी त्यात भर घातली.

"थांबव," काका म्हणाले.

मी थांबवला.

"पुणेकरा, देवळात शिरलास. कोणत्या बाजूस वळलास?"

"उजवीकडे," मी अभिमानानं म्हणालो. "तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी डोळे मिटले. "घरातून बाहेर येताना उजवीकडे. देवळात आत जाताना डावीकडे. देव उजव्या हातास राहिला पाहिजे रे. तू सबंध देऊळ उलटा फिरलास. अक्षरं उलटी सरकतात, ही शेवटची ओळ आहे."

शंभर माणसांसमोर मला त्या आजीबाईंचं गोल फिरणारं बोट आठवलं.

"कागदावर लिहिलं नव्हतं," मी पुटपुटलो.

"कागदावर श्वास घे असंही लिहिलं नव्हतं. घेतलास की." मग ते हॉलकडे वळले. "चूक माझी. मी याला वळायचं शिकवलं, कशाभोवती ते शिकवलं नाही." आणि पुन्हा मला, "तू सॉफ्टवेअरवाला ना? उलटा चालव."

व्हिडिओ उलटा करायला लॅपटॉपनं दहा मिनिटं घेतली. ती दहा मिनिटं काकांनी भरली. ठरवून नाही, माइक हातात होता म्हणून. वडिलांचं बोट, ओवरीतला गारवा, अक्षरांना न लागू द्यायचा घाम, बर्फातला 'क'. 'मज' आणि 'तुज' आणि 'आम्हांस' यांसकट. पहिल्या 'मज'ला कुठेतरी फिसकन् हसू आलं. तिसऱ्यापर्यंत शांत झालं होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मग विचारलं, "काका, एवढी वर्षं बाहेर राहून घरात मराठी टिकली कशी हो? आमची मुलं तर दोन वर्षांतच इंग्लिशमध्ये रिप्लाय द्यायला लागली."

"आम्हांस निघून तीनशे वर्षं होऊन गेली," काका म्हणाले. "टिकवली नाही कोणी. जेवताना बोलायला दुसरी भाषा घरात नव्हती, एवढंच. आणि कोणी चूक काढायला नव्हतं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हा त्यांचा मोठेपणा.

उलटा व्हिडिओ सुरू झाला. आता भिंत सुलट सरकत होती, आणि तिच्या कडेनं सगळं तंजावर पाठमोरं चालत होतं. आजीबाई उलट्या चालत गेल्या. रखवालदार उलटा गेला. एक सबंध कुटुंब पाठीकडून येऊन पुढून निघून गेलं. हॉल हसून लोळला.

काका म्हणाले, "हा आयुष्यात एकदा सरळ फिरला, तर त्यासाठी आमच्या सगळ्या गावास उलटं चालावं लागलं."

मी भिंतीची सुरुवात पुन्हा पडद्यावर आणली, आणि त्यांच्या वाचनाच्या वेगानं एकेक चित्र थांबवत जायचं ठरवलं. काका पडद्याजवळ गेले. बोट उचललं, पडद्यापासून इंचभर दूर धरलं, आणि वाचलं. पहिले शब्द अडखळत, बर्फातल्यासारखे, एकेक. मग त्यांच्या आवाजाला अचानक चाल सापडली. आवाज बदलला. तो त्यांचा राहिला नाही. पन्नास वर्षं शब्दांविना पडून राहिलेल्या चालीत एकेक शब्द जाऊन बसत होता, आणि ते आम्हाला ऐकू येत होतं. एक जोडाक्षर त्यांनी मला माहीत होतं त्यापेक्षा वेगळं उच्चारलं. सवयीनं माझं तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या काकूंनी माझ्या मनगटावर हात दाबला. "गप बस," त्या कुजबुजल्या. "भिंत त्यांची आहे." मी खाली बघितलं, तर काकूंच्या पायात चपला नव्हत्या. त्यांच्या पलीकडच्यांच्याही नव्हत्या.

किती वेळ वाचत होते ते मला सांगता येणार नाही. संपल्यावर मागच्या रांगेतला तो गृहस्थ पहिला उठला आणि येऊन त्यांच्या पाया पडला. काकांनी त्याला उठवलं आणि स्टेजच्या भिंतीवर टकटक केली. "ड्रायवॉल," ते म्हणाले. "पण आज बरा बोलला."

परत येताना गाडीत त्यांनी बूट पायात घातले नाहीत, मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "खडूस म्हणजे शिस्तीचा नव्हे."

"नव्हे."

"मग काय?"

मी सांगितलं. जितकं सौम्य करून सांगता येईल तितकं. त्यांनी विचार केला.

"म्हणजे इतके दिवस मी खरंच सांगत होतो," ते म्हणाले.

आता ते हॅलिफॅक्सला मुलीकडे असतात. फोनवर सांगतात की तिकडे भिंती लाकडाच्या आहेत आणि त्या खोकतात. पण मला आठवतं ते त्या शनिवारचं. घराशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं, गवत अजून हिरवं होतं, बर्फाला अजून अवकाश होता. काका गाडीतून उतरले, बूट हातातच होते. दारात गेले नाहीत. घर उजव्या हाताला ठेवून, मागच्या त्या निरुपयोगी बाजूनं, भिंतीपासून इंचभर दूर बोट धरून ते निघाले, आणि पहिली ओळ म्हणायला लागले. न बघता.

मीही चपला काढल्या. पण लगेच निघालो नाही. आधी उजवा हात वर करून तो कुठला ते नीट बघून घेतलं, आणि मग त्यांच्या मागे चालू लागलो.